शून्यावर जुनाच आवाज: ट्वीड डिलक्सला स्प्रिंग रिव्हर्ब जोडताना

फेंडर कंपनीच्या ट्वीड डिलक्स या गिटारच्या ॲम्पमध्ये, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या यंत्रात, रिव्हर्ब (सुरामागे रेंगाळणारा घुमारा) नसतो. गिटारवाल्यांमध्ये ५ई३ या नावाने प्रसिद्ध असलेलं त्याचं सर्किट १९५५ ते १९६० या काळातलं. फेंडरने रिव्हर्बचं वेगळं खोकं, ६जी१५, आणलं १९६१ साली, आणि ॲम्पच्या पोटातच रिव्हर्ब बसवला तो १९६३च्या व्हायब्रोव्हर्बपासून. काळाच्या हिशेबाने पाहिलं तर माझ्या ॲम्पला रिव्हर्ब लावणं बसत नाही. पण माझा ॲम्प त्या काळातला अस्सल नग नाही. त्या सर्किटच्या नकाशावरून इथे बांधलेला आहे, पॉवर ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टचा गुंडाळून घेतलेला, पेटी सांगलीच्या सुताराने केलेली. त्याच्या चासीला, म्हणजे सर्किट बसवलेल्या पत्र्याला, दोन भोकं जास्त पडली म्हणून कुठल्या संग्राहकाचं नुकसान होणार नव्हतं.

मला रिव्हर्ब हवा होता तो भावगीतांसाठी. मी इलेक्ट्रिक गिटारवर भावगीतं आणि जुन्या चित्रपटांची गाणी वाजवतो, बहुतेक वेळा सांगलीत विश्रामबागेतल्या घरात. खोलीत गाद्या, पडदे, पुस्तकांची कपाटं, त्यामुळे आवाज विलक्षण कोरडा. ५ई३चा आवाज स्वतः फार गोड आहे. दोन ६व्ही६ व्हॉल्व्ह (जुन्या रेडिओत असतात तशा काचेच्या नळ्या), जेमतेम बारा-पंधरा वॅट, आवाजाचं बटण अर्ध्यावर नेलं की सुराच्या कडा मऊ फाटायला लागतात. पण दोन ओळींमध्ये गायक जिथे श्वास घेतो, तिथे गिटारचा सूर कापल्यासारखा संपायचा. एखादी हळवी जागा घ्यावी आणि तिच्यामागे काहीच उरू नये, हे मला सारखं टोचत होतं.

आधी पेडल, म्हणजे पायाशी ठेवायचं इफेक्टचं छोटं खोकं, वापरून पाहिलं. मित्राचं चांगलं डिजिटल पेडल होतं, त्यातला स्प्रिंगचा आवाजही वाईट नव्हता. अडचण अशी, की या ॲम्पला मधेच पेडल जोडायची सोय नसते, ते गिटार आणि ॲम्पच्या दरम्यानच लावावं लागतं. मग पहिल्याच व्हॉल्व्हपासून सूर आणि घुमारा एकत्र दाबले जातात, आणि ॲम्प फाटायला लागला की घुमाराही फाटतो. सगळा चिखल होतो. घुमारा आतच, सुरुवातीच्या पायऱ्या ओलांडल्यावर मिसळायला हवा होता.

काम सुरू करण्याआधी एक अट ठरवली: रिव्हर्बचं बटण शून्यावर असेल तेव्हा ॲम्प पूर्वी वाजायचा तसाच वाजला पाहिजे. पुढे जे जे काही करावं लागलं, त्यातलं निम्मं या एका अटीपायी करावं लागलं, आणि मला ती अट आजही योग्य वाटते. घुमारा मिळवण्यासाठी मूळ आवाज गहाण टाकायचा असेल तर पेडल काय वाईट?

गणपती पेठेत व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करणारे एक मामा आहेत. सख्खे नव्हेत, पण सगळे त्यांना मामाच म्हणतात. २०१९च्या पुरात त्यांच्या दुकानात पाणी शिरलं, तेव्हा खालचं सामान गेलं, पण व्हॉल्व्हची खोकी माळ्यावर होती म्हणून वाचली. त्यांच्याकडे नकाशा घेऊन गेलो. एबी७६३ हे फेंडरचं १९६३चं सर्किट, ज्यावर डिलक्स रिव्हर्ब आणि ट्विन रिव्हर्ब उभे आहेत, त्यातला रिव्हर्बचा तुकडा उचलून ५ई३मध्ये घालायचा, असा बेत होता.

मामांनी चष्मा वर केला आणि नकाशाकडे न बघताच विचारलं, "ट्रान्सफॉर्मरचं हीटर वाइंडिंग किती अँपिअरचं हाय?"

"तीन अँपिअर, मामा."

"मग बस. आता दाखव काय करायचंय ते."

प्रश्न अगदी बरोबर होता. व्हॉल्व्ह तापवणारी वीज या वाइंडिंगमधून येते. ६व्ही६ला ६.३ व्होल्टवर ०.४५ अँपिअर लागतो आणि पुढच्या प्रत्येक छोट्या व्हॉल्व्हला ०.३. मूळ ॲम्पचा हिशेब होतो १.५ अँपिअर. रिव्हर्बसाठी आणखी दोन छोटे व्हॉल्व्ह आले की २.१. वाइंडिंग दोन अँपिअरचं असतं तर ट्रान्सफॉर्मर तापून काम तिथेच अडलं असतं. हाय टेन्शनवर, म्हणजे व्हॉल्व्हना चालवणाऱ्या चढ्या व्होल्टच्या डीसीवर, मात्र फारसा भार येत नाही, सगळं मिळून पाचेक मिलिअँपिअर. एसीचं डीसी करणारा रेक्टिफायर व्हॉल्व्ह ५वाय३ हा १२५ मिलिअँपिअरपर्यंत देऊ शकतो, त्याला ते जाणवतही नाही. ज्याला हे काम करायचंय त्याने स्प्रिंगा मागवण्याआधी आपल्या ट्रान्सफॉर्मरचा हा हिशेब करावा.

रिव्हर्बचा टँक, म्हणजे स्प्रिंगांचं खोकं, पार्सलने आला तेव्हा तो उघडून मी बराच वेळ नुसता बघत बसलो. बाहेर पत्र्याचं लांबट खोकं, सुमारे सतरा इंच लांब. त्याच्या आत ॲल्युमिनियमची तबकडी चार कोपऱ्यांवर छोट्या स्प्रिंगांनी लोंबकळत ठेवलेली, म्हणजे खोक्याला धक्का लागला तरी आत कमी पोचतो. त्या तबकडीत आडव्या ताणलेल्या दोन लांब नाजूक स्प्रिंगा. नीट पाहिलं तर प्रत्येक स्प्रिंग दोन तुकड्यांची आहे, मधोमध बारीक आकड्याने अडकवलेली, आणि दोन तुकड्यांचे वेढे उलटसुलट दिशेचे. म्हणून काहीजण याला चार स्प्रिंगांचा टँक म्हणतात. स्प्रिंगच्या दोन्ही टोकांना मोहरीएवढी चुंबकं, आणि ती लोखंडी पट्ट्यांच्या फटीत बसवलेली. एका टोकाच्या कॉइलमधून सिग्नल गेला की चुंबक किंचित पिळतं, तो पीळ स्प्रिंगमधून पलीकडे जातो, तिथलं चुंबक पिळतं आणि तिथल्या कॉइलमध्ये पुन्हा वीज तयार होते. मग तोच पीळ टोकावरून परततो, पुन्हा जातो, पुन्हा येतो, दर खेपेला थोडा विरत. एका स्प्रिंगमधून पलीकडे जायला ३३ मिलिसेकंद लागतात, दुसरीतून ४१. दोन्हींचा वेळ मुद्दाम वेगळा ठेवलेला असतो, म्हणजे परतीचे सूर एकाच ठेक्यात येत नाहीत.

स्प्रिंगमधून सगळ्या कंपनसंख्या सारख्या वेगाने जात नाहीत. आपण नखीने तार छेडतो तेव्हा त्या 'टक्'मध्ये खालचे-वरचे सगळे स्वर एकत्र असतात. पलीकडे ते मागेपुढे पोचतात, आणि त्या टकाचा 'च्युंइ' असा ओला, टपकणारा आवाज होतो. कुठल्याही खऱ्या सभागृहात असा आवाज येत नाही. विजेच्या सिग्नलला स्प्रिंगने उशीर लावायची कल्पना मूळची बेल लॅब या अमेरिकी प्रयोगशाळेची, टेलिफोनच्या लांबलचक तारांवर होणाऱ्या विलंबाच्या अभ्यासासाठी. हॅमंड ऑर्गनवाल्यांनी ती उचलली ती घरात वाजणाऱ्या ऑर्गनला चर्चसारखा घुमारा देण्यासाठी. चर्च काही त्यात हुबेहूब उतरलं नाही, पण जे हाती लागलं ते इतकं वेगळं आणि मोहक होतं की गिटारवाल्यांनी ते कायमचं आपलंसं केलं. मलाही सभागृहाची नक्कल नको होती, स्प्रिंगचाच आवाज हवा होता.

टँकवर ४एबी३सी१बी असा शिक्का असतो आणि तो वाचता आला पाहिजे, नाहीतर भलताच टँक गळ्यात पडतो. ४ म्हणजे लांब, दोन ओळींचा प्रकार. ए म्हणजे इनपुट कॉइल ८ ओहमची. बी म्हणजे आउटपुट २२५० ओहमची. ३ म्हणजे घुमारा लांब टिकणारा. सी म्हणजे इनपुटचं सॉकेट पत्र्यापासून अलग आणि आउटपुटचं पत्र्याला जोडलेलं. १ म्हणजे वाहतुकीसाठी लावायची कडी नाही. शेवटचा बी म्हणजे टँक आडवा, उघडी बाजू खाली ठेवून बसवायचा. मल्टीमीटर लावला तर इनपुटला एक ओहमच्या आसपास दिसतो आणि आउटपुटला दोनशेच्या आसपास. मीटरवर ८ आणि २२५० दिसत नाहीत म्हणून टँक खराब समजू नये. ते आकडे १ किलोहर्ट्झवरच्या इम्पिडन्सचे, म्हणजे बदलत्या सिग्नलला होणाऱ्या विरोधाचे, आहेत, मीटर नुसत्या तारेचा रोध दाखवतो.

८ ओहमच्या या कॉइलला जोर लागतो, म्हणून फेंडरने तिच्यासाठी अख्खा १२एटी७ व्हॉल्व्ह लावला, दोन्ही भाग समांतर जोडून, आणि पुढे छोटा ट्रान्सफॉर्मर. मामांनी माळ्यावरून भारत इलेक्ट्रॉनिक्सचा, म्हणजे बेलचा, जुना ईसीसी८१ काढून दिला. युरोपीय नावाने तोच १२एटी७. कागदी खोकं पिवळं पडलेलं, पण व्हॉल्व्ह कोरा होता.

ट्रान्सफॉर्मर २२ हजार ओहमचा ८ ओहमला जुळवणारा हवा, म्हणजे वेढ्यांचं प्रमाण साधारण ५२ला १. शिवाय त्यातून सतत डीसी वाहतो, म्हणून गाभ्यात फट ठेवलेला. तो मागवलाच होता, पण यायला वेळ होता आणि मामांना धीर नव्हता. त्यांनी मोडीत निघालेल्या व्हॉल्व्ह रेडिओचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर काढला. "ह्याच्यातूनबी डीसीच जातो की. घाल आणि ऐक तरी." इम्पिडन्स नेमका नव्हता, पण लाकडी फळीवर व्हॉल्व्हचं सॉकेट, चार रेझिस्टन्स आणि तो रेडिओचा ट्रान्सफॉर्मर अशी मांडणी करून आम्ही टँक वाजवला. पहिल्यांदा घुमाऱ्याची ती ओली शेपूट ऐकू आली तेव्हा मामांच्या दुकानातला पोरगा सोल्डरिंग गन हातात धरून तसाच उभा राहिला. योग्य ट्रान्सफॉर्मर लावल्यावर वरचे स्वर जास्त मोकळे झाले, पण रेडिओचाही कामचलाऊ नव्हे, चांगलाच वाजला होता. हाताशी जुना रेडिओ असेल तर आधी असं ऐकून घ्यायला हरकत नाही.

आता सर्किट. ५ई३मध्ये पहिला व्हॉल्व्ह १२एवाय७, मग आवाज आणि टोनची बटणं, मग १२एएक्स७चा एक भाग सिग्नल वाढवतो आणि दुसरा भाग तो दोन ६व्ही६ना उलटसुलट वाटून देतो. मी या दोन भागांच्या मधोमध फोड केली. वाढवलेला सिग्नल तिथून दोन वाटांनी जातो. एक वाट ५०० पिकोफॅरडच्या कंडेन्सरमधून १२एटी७कडे, तिथून ट्रान्सफॉर्मर, टँक, आणि परत येणारा काही मिलिव्होल्टचा क्षीण सिग्नल नव्या १२एएक्स७च्या एका भागात. तिथे वाढून तो ०.००३ मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरमधून रिव्हर्बच्या १०० किलोओहमच्या बटणावर येतो, आणि तिथून ४७० किलोओहममधून मिसळायच्या जागी. दुसरी वाट सरळ आवाजाची: ३.३ मेगओहमचा रेझिस्टन्स, त्याला समांतर १० पिकोफॅरड. दोन्ही जिथे भेटतात तिथे २२० किलोओहम जमिनीला (ग्राउंडला), आणि मग नव्या १२एएक्स७चा दुसरा भाग, कारण ३.३ मेगओहममधून जाताना सिग्नल पार मरतो आणि तो पुन्हा उचलावा लागतो.

ते ५०० पिकोफॅरड सुटं करून मोठा कंडेन्सर लावायचा मोह होतो, घुमारा भरदार येईल असं वाटतं. लावू नये. त्या कंडेन्सरची १२एटी७च्या तोंडाशी असलेल्या १ मेगओहमच्या रेझिस्टन्सशी जोडी जमते तेव्हा सुमारे ३२० हर्ट्झच्या खालचं सगळं उतरायला लागतं, आणि ते उतरायलाच हवं. खर्ज स्प्रिंगमध्ये गेला की टँक नुसता ढवळतो, भांड्यांच्या फडताळासारखा. वर सांगितलेला ०.००३चा कंडेन्सर परतीच्या वाटेवर तेच काम दुसऱ्यांदा करतो. मी एक बदल मात्र केला. १ मेगओहमच्या स्थिर रेझिस्टन्सऐवजी तेवढंच बटण लावलं, म्हणजे टँकला किती जोराने हाणायचं ते ठरवता येतं. ६जी१५ खोक्यावर ही सोय होती, १९६३च्या ॲम्पमध्ये ती गेली, याचं मला नेहमीच वाईट वाटत आलंय.

जास्तीची एक पायरी घातल्याने सिग्नलची दिशा उलटते. बहुतेक ॲम्पमध्ये यावर डोकं खाजवावं लागतं, कारण स्पीकरकडून मागे आणलेला निगेटिव्ह फीडबॅक उलटा पडून ॲम्प किंचाळायला लागतो. ५ई३ला तसा फीडबॅकच नाही. त्यामुळे तो प्रश्न आपोआप सुटला.

१२एटी७ला वीज कुठून द्यायची यावर मामांशी वाद झाला. ते म्हणत होते दुसऱ्या फिल्टर कंडेन्सरवरून घे, जवळ आहे. पण तिथे ६व्ही६च्या स्क्रीनची, म्हणजे आतल्या एका जाळीची, वीज आहे, आणि मधे ५ किलोओहमचा रेझिस्टन्स. चार मिलिअँपिअर जास्तीचे ओढले की तिथे २० व्होल्ट पडतात, आणि आवाजाचा दाब बदलतो. माझी अट मोडत होती. शेवटी पहिल्या कंडेन्सरवरून वेगळा रेझिस्टन्स आणि वेगळा २२ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर अशी स्वतंत्र शाखा काढली. मामांनी मान्य केलं, पण "उगं दोन डाग जास्त" असं म्हणूनच. डाग म्हणजे सोल्डरचे जोड.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. या ॲम्पमध्ये ३५०-३६० व्होल्ट डीसी असतं आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सर ते धरून ठेवतात. मामांच्या दुकानाचा कायदा असा: प्लग काढायचा, रेझिस्टन्सच्या तुकड्याने कंडेन्सर मोकळा करायचा, मीटर लावून शून्य बघायचं, मगच चासीत बोट घालायचं. चालू ॲम्पवर मोजायचं असेल तर एक हात खिशात. स्पीकर न जोडता ॲम्प कधीच चालू करायचा नाही. आणि काहीही बदललं की पहिली वीज सिरीज बोर्डवरून, १०० वॅटचा पिवळा बल्ब लावून. बल्ब भडक पेटून तसाच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. आमचा बल्ब क्षणभर पेटला आणि मंदावला. ज्यांनी व्हॉल्व्हच्या ॲम्पमध्ये कधी हात घातला नाही, त्यांनी हे काम जाणत्या माणसाच्या शेजारी बसूनच करावं.

मग हमिंग. रिव्हर्बच्या कामात सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. टँकचा आउटपुट इतका क्षीण की तो आजूबाजूचं सगळं गोळा करतो. रिव्हर्बचं बटण चढवलं की स्पीकरमधून घूं यायचं. आता हे घूं आलं कुठून? आपली वीज ५० हर्ट्झची. पॉवर ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र टँकच्या कॉइलने पकडलं तर ५०चा आवाज येतो. फिल्टरिंग कमी पडलं तर रेक्टिफाय झालेल्या विजेचा, म्हणजे १००चा. ऑसिलोस्कोप नसला तरी गिटार असते. सहाव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटचा जी ९८ हर्ट्झचा असतो, म्हणजे १००च्या अगदी शेजारी. मी तो सूर वाजवून घूंशी ताडून पाहिला. घूं एक सप्तक खाली होतं. म्हणजे फिल्टरचा दोष नाही, टँक ट्रान्सफॉर्मरचं क्षेत्र पकडतोय. कंडेन्सर बदलत बसायची गरजच उरली नाही.

त्यामुळे टँक कुठे स्क्रू करायचा हे मोजपट्टीने न ठरवता कानाने ठरवलं. ॲम्प चालू, बटण वर, लांब शिल्डेड वायर लावून टँक हातात घेतला आणि पेटीच्या तळाशी हळूहळू फिरवला. आउटपुटचं टोक पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या खाली आलं की घूं चढतं, टँक उलट फिरवून इनपुटचं टोक तिकडे नेलं की जवळजवळ बसतं. थोडं तिरकं केलं की आणखी उतरतं. एका जागी ते इतकं कमी झालं की पंख्याच्या आवाजात ऐकू येईना. तिथे पेन्सिलने खूण केली. जाण्याची आणि येण्याची वायर वेगवेगळ्या बाजूंनी नेल्या, एकत्र बांधल्या नाहीत. टँकचा पत्रा कुठे जमिनीला जोडायचा हेही ठरलेलं आहे: आउटपुटच्या वायरच्या शिल्डमधूनच, परतीच्या व्हॉल्व्हच्या कॅथोडपाशी. इनपुटचं सॉकेट अलग असतं ते याचसाठी, जमिनीचे दोन रस्ते होऊ नयेत म्हणून.

टँक उघडा ठेवला तर स्पीकरच्या धक्क्याने स्प्रिंगा थरथरतात आणि मोठ्या आवाजात गुरगुर सुरू होते. मोटारींची सीट कव्हरं शिवणाऱ्याकडून रेक्झिनची पिशवी शिवून घेतली, उघड्या बाजूला जाड पुठ्ठा आणि खाली फोमची पट्टी. त्याने बाजूंना वायरसाठी गाठी मारलेल्या शिवणीची चिरही ठेवली, न सांगता. स्क्रू पिशवीच्या कानांतून मारले, टँकच्या पत्र्यातून नाही.

आता माझी अट. घरी बटण शून्यावर ठेवून वाजवत होतो तेव्हा काहीतरी वेगळं वाटत होतं, पण नेमकं बोट ठेवता येत नव्हतं. नव्या कामाच्या आनंदात कानावर विश्वास ठेवणं अवघड असतं. म्हणून ॲम्प रिक्षात घालून मिरजेला नेला. आईच्या तानपुऱ्याची जवारी जे काढून देतात त्या चाचांकडे, सतारमेकर गल्लीत. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण तिथल्या कारागिरांचे कान त्याच्या कितीतरी आधीपासून नावाजलेले आहेत. घोडीवर कानस किती फिरवायची आणि कुठे थांबायचं हे जो नुसत्या आवाजावरून ठरवतो, त्याला व्हॉल्व्ह कळायची गरज नाही. या चाचांनी माझा ॲम्प आधी एकदा, रिव्हर्ब नसताना, ऐकलेला होता.

त्यांनी आधी रिव्हर्ब बंदच ठेवायला सांगितला. मी चार सूर वाजवले.

"मागच्या वेळी आवाज भरीव होता," ते म्हणाले. "आता वरून कड निघालीय. आणि लवकर चिरकतोय."

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या आणि दोन्हींची कारणं नकाशात होती. ३.३ मेगओहमला समांतर असलेला तो १० पिकोफॅरड सुमारे ५ किलोहर्ट्झपासून वरचे स्वर वळसा घालून पुढे सोडतो. फेंडरच्या नंतरच्या चकचकीत ॲम्पना ते शोभतं, ट्वीडला नाही. आणि ३.३ मेगओहममध्ये जेवढा सिग्नल मरतो त्यापेक्षा पुढचा व्हॉल्व्ह तो जास्त उचलतो, त्यामुळे एकूण जोर वाढून ॲम्प आधी फाटत होता. सांगलीला परतून १० पिकोफॅरड काढून टाकला आणि ३.३च्या जागी ४.७ मेगओहम लावला. दोन डाग सोडवले, दोन लावले. आवाजाचं बटण जिथे पूर्वी फाटायला लागायचं, जवळजवळ तिथेच पुन्हा फाटायला लागलं. बाकीच्या सगळ्या जोडकामापेक्षा या दोन डागांनी मला जास्त समाधान दिलं.

चाचांनी त्याच बैठकीत रिव्हर्ब चालू करूनही ऐकला होता. एक सूर लावायला सांगून तो पूर्ण विरेपर्यंत ते मान खाली घालून ऐकत राहिले. आवडला त्यांना. मग म्हणाले, "आता लागोपाठ वाजव." मी मारव्यातली एक ओळ वाजवली. त्यांनी हाताने थांबवलं. "दुसरा सूर लागतो तेव्हा पहिला अजून बसलाय. कोमल रे वाजतोय आणि मागे नी हलेना. असं असेल तर राग कसा दिसणार?" लांब टिकणारा टँक आणि पूर्ण जोर, याचा हा परिणाम. गिटारवर कॉर्ड वाजवणाऱ्याला तो खटकत नाही, एकेरी सुरांवर चालणाऱ्या आपल्या संगीतात लगेच खटकतो. टँक बदलला नाही. जोराचं बटण एक तृतीयांशावर आणलं, म्हणजे स्प्रिंगा सावकाश हलतात, टपकणारा 'च्युंइ' कमी होतो आणि शेपूट सुराखाली राहते. रिव्हर्बचं बटण मग थोडं जास्त वर नेता येतं. माझ्या ॲम्पवर भावगीतांसाठी जोर १० पैकी ३ आणि रिव्हर्ब ४ असं बसलं. जुन्या चित्रपटातली ठसक्याची, खर्जातल्या तारांवरची गिटार वाजवायची तर जोर ७ आणि रिव्हर्ब ३. ती मजा वेगळीच, तिथे टपकायलाच पाहिजे. जोराचं वेगळं बटण नसतं तर या दोनपैकी एकच काहीतरी मिळालं असतं, म्हणून एवढं तरी प्रत्येकाने घालावंच असं माझं मत आहे.

पॉवर ट्रान्सफॉर्मर सलग दोन तास वाजवल्यावर हात ठेवून पाहिला, गरम आहे पण हात टिकतो, पूर्वीइतकाच. हाय टेन्शन काही व्होल्टनी उतरलं, कानाला कळत नाही. एक अडचण उरली आहे ती स्टेजची. लाकडी फळ्यांच्या मंचावर तबल्याच्या शेजारी ॲम्प ठेवला की कोणी पाय आपटला तरी टँक गडगडतो. सध्या ॲम्प खुर्चीवर ठेवतो, खाली दुमडलेली सतरंजी.

फूटस्विचचं, म्हणजे पायाने रिव्हर्ब चालू-बंद करायच्या बटणाचं, काम बाकी आहे. ते सोपं आहे: ०.००३च्या कंडेन्सरनंतर, रिव्हर्बच्या बटणाच्या वरच्या टोकावर आलेला सिग्नल जमिनीला दाबायचा, म्हणजे घुमारा बंद आणि सरळ आवाजाला धक्का नाही. चासीच्या मागे सॉकेटसाठी जागा आहे, मामांनी भोकाची खूण करून ठेवली आहे. वायर शिल्डेडच टाकायची असं त्यांनी बजावलंय, कारण ती परतीच्या व्हॉल्व्हजवळून जाणार आहे.